ट्रायम्फ बॉनव्हिलचे ॲमल कार्ब्युरेटर: जुने स्लीव्ह करावेत की नवे घ्यावेत?

१९६८ पासूनच्या जुन्या बॉनव्हिल टी१२० मोटरसायकलला ॲमल कॉन्सेंट्रिक ९३० या कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जोडी येते. त्यात बॉडी आणि स्लाइड (थ्रॉटलने आत वर-खाली सरकणारा भाग) दोन्ही जस्त मिश्रधातूची, त्यामुळे एकमेकांवर घासून झिजतात. फटीतून हवा शिरते आणि आयडलिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचं चालू राहणं) कधी चढतं, कधी बंद पडतं. स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही.

स्लीव्हिंगमध्ये बॉडी बोअर करून स्लाइडवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) बसवतात. मूळ शिक्क्याची बॉडी टिकते. पण आधी फ्लँजवर (इंजिनला बसणारी सपाट कड) स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. नट जास्त आवळल्याने फ्लँज वाकलेली असते, आणि ती सपाट केल्याशिवाय पुढचा खर्च वाया. आत दाबून बसवलेला पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबला असेल तर ०.०१६ इंची ड्रिल हातानेच, हळू फिरवून साफ करावा. भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

ॲमलच्याच नव्या प्रीमिअर कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड हार्ड ॲनोडाइझ्ड (पृष्ठभाग कडक केलेल्या) ॲल्युमिनियमची, पायलट जेट काढता येतो, फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) न बुडणारा. रोज चालवायच्या गाडीला हाच घ्यावा, दोन्ही बाजूंना एकदमच. एक नवा, एक झिजलेला असला तर सिंक्रोनायझेशन (दोन्ही एकसारखे चालवणं) जमत नाही.

०.१०६ चे नीडल जेट (स्लाइडची सुई ज्यात सरकते तो जेट) मात्र दोन्ही पर्यायांत नवेच टाका.