बुलेटला लिथियम बॅटरी: घ्या, पण आधी मीटर लावा

जुनी लेड-ॲसिड बॅटरी उचलली की मनगटाला कळायचं. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जेमतेम किलो-दीड किलोची. आकारानेही लहान, म्हणून डब्यात खुळखुळू नये यासाठी सोबतचे फोमचे तुकडे चिकटवावे लागले.

सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं. गाडी महिनाभर झाकून ठेवली तरी चार्ज टिकतो. पण खरेदीआधी मेकॅनिककडून चार्जिंग तपासून घ्याच. रेस दिल्यावर टर्मिनलवर १४ ते १४.६ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर काटा गेला तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर बॅटरीची वाट लागलीच म्हणून समजा. दुकानदार यातलं अवाक्षर बोलला नाही. त्याला फक्त बिल फाडायची घाई.

महाबळेश्वरला डिसेंबरातल्या पहाटे सेल्फ नुसता कण्हला. (किक आहे म्हणून जीव भांड्यात.) अशा वेळी मिनिटभर हेडलाइट लावून ठेवायचा, बॅटरी आतून जरा गरम होते आणि मग गाडी सुरू. डिसल्फेशनवाला (लेड-ॲसिड बॅटरीतलं साचलेलं सल्फेट काढणारा) जुना चार्जर मात्र हिला चुकूनही लावू नका.

किंमत साध्या बॅटरीच्या जवळपास तिप्पट, ते खुपतंच. रोज ऑफिस-घर करणाऱ्याने साधीच घ्यावी.