वजनदार माणसासाठी ट्री स्टँड (शिकारीला झाडावर उंच बसायचं मचाण): दोघांचा घ्या, एकटे बसा
माझं वजन १३० किलो, त्यावर थंडीचे जाड कपडे, बूट, क्रॉसबो आणि बॅग धरली की एकट्याच्या स्टँडची ३०० पाउंडाची (साधारण १३६ किलो) लिमिट कधीच पार, म्हणून इथे ओहायोत हरणाच्या सीझनसाठी सरळ दोघांचा लॅडर स्टँड (शिडीवाला) घेतला, ५०० पाउंडवाला. बाकडं एकदम ऐसपैस, शिडीपण लचकत नाही. पुढचा रेल पोटाला टेकतो, पण तो वर उचलता येतो म्हणून निभावलं. उभा करायला मात्र तिघं लागतात बरं का, एकट्याने नादाला लागू नका. आणि हार्नेसचं (वरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) लेबल वेगळं वाचा, स्टँड ५०० चा असला तरी सोबत येणारा हार्नेस ३०० चाच निघाला, मोठा वेगळा घ्यावा लागला, खिशाला चाट!