क्यूआर स्टिकरवाली घंटागाडी : १४ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात आम्ही चौघंही आठ दिवस गावी होतो. घराला कुलूप, पाण्याचा कॉक बंद, बादलीत कांद्याचं सालसुद्धा नाही. तरी रोज सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी मोबाइल वाजायचा : आपल्या मिळकतीतून कचरा संकलित करण्यात आला आहे, धन्यवाद. आठ दिवसांत आठ मेसेज. पाचव्या दिवशी आईने विचारलं, "अरे, घरात कोणी शिरलंय का?"

घंटागाडी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे. छोटा हत्ती, त्यावर हिरवा-निळा हौदा, कर्कश रेकॉर्ड. आमच्या महापालिकेने हे काम खासगी कंपनीला दिलं त्याला १४ महिने झाले. कंपनीने दाराशी एक चौकोनी क्यूआर स्टिकर चिकटवला. कचरा घेतला की माणूस तो स्कॅन करणार, आणि गाडी कुठल्या घरी गेली, कुठल्या घरी नाही, ते पालिकेला बसल्या जागी दिसणार, अशी कल्पना.

आधी खरं ते सांगतो. पहिले दोन महिने मी खूश होतो. त्याआधी पालिकेच्या मावशी ढकलगाडी घेऊन यायच्या, आठवड्यातून दोन खाडे ठरलेले. आम्ही महिन्याला ३० रुपये द्यायचो, दिवाळीला पोस्त वेगळी. कोपऱ्यावरची कुंडी तर कायम वाहायची आणि कुत्री अर्ध्या गल्लीत तिचा प्रसाद वाटायची. कंपनी आल्यावर कुंडी उचलली गेली आणि गाडी सव्वासातच्या ठोक्याला येऊ लागली. त्यात आमच्या बाथरूमच्या जुन्या फरशा काढल्या होत्या, पाच-सहा गोणी राडारोडा. टेम्पोवाला ८०० रुपये मागत होता. घंटागाडीवाल्याने एक रुपया न घेता, वर हसतमुखाने, सगळ्या गोणी हौद्यात टाकल्या. तेव्हा मी चार जणांना सांगितलं होतं, खासगी ते खासगीच.

मग पावसाळ्यात गाडी दोन-दोन दिवस चुकू लागली. मेसेज मात्र चुकला नाही. गौरी-गणपतीत निर्माल्य वेगळं बांधून ठेवलेलं, नारळाच्या शेंड्या, मोदकांनंतरचा सगळा पसारा. बादली पायरीवर भरलेली आणि हातात मोबाइलवर "संकलित". ॲपवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी "निराकरण झाले" म्हणून बंद, पुराव्याला फोटो. फोटोत निळं लोखंडी गेट आणि शेजारी तुळशीवृंदावन. आमचं गेट काळं आहे आणि तुळस गच्चीत. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच निळं गेट. मदत क्रमांकावरच्या ताईंना म्हटलं, हे घर माझं नाही. त्या म्हणाल्या, "सर, सिस्टीमला तर क्लोज दाखवतंय."

वॉर्ड ऑफिसला गेलो. तिथले साहेब म्हणाले, ते कंपनीचं काम आहे, त्यांच्या सुपरवायझरशी बोला. मी घरून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधल्या कलम ६३ ची झेरॉक्स नेली होती (दोन रुपये गेले). कचरा उचलणं हे त्यात महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत आहे, ठेका कुणालाही दिला तरी. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आमच्याकडे माणसं कुठायत?"

बायको म्हणते, ओला-सुका आपण वेगळा करून देतो आणि गाडीत एकत्र होतो त्यावर भांड, स्टिकरचं काय घेऊन बसलायस? तिचंही खरं. २०१६ च्या घनकचरा नियमांत होते तसे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग आम्ही इमानेइतबारे करत आलो, आणि हौद्यातली मधली पत्र्याची भिंत पावसाळ्यातच गायब झाली. पण ओला-सुका एकत्र झालेला निदान डोळ्यांना दिसतो. स्टिकर मला माझ्याच दारात खोटं पाडतो, तेही धन्यवाद म्हणून.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. नंतर जे झालं त्याने माझं मत थोडं सरकलं, म्हणून पुढचं.

परवा पहाटे दूध आणायला गेलो तर नाक्यावर आमचीच घंटागाडी उभी. ड्रायव्हर पोरगा चहा पीत होता आणि मांडीवर लॅमिनेशन केलेला एक कागद. त्यावर ओळीने पासपोर्ट फोटोएवढे क्यूआर, प्रत्येकाखाली बॉलपेनने घर नंबर. हा बिस्किट चहात बुडवतोय आणि दुसऱ्या हाताने टकाटक स्कॅन करतोय. सातव्या ओळीत माझं घर. मी चढ्या आवाजातच सुरुवात केली. तो म्हणाला, "काका, साडेसातशे घरं, दोन माणसं, एक वाजेपर्यंत डेपो. नव्वद टक्के स्कॅन झालं नाही तर आमचा दिवस कापतात. कचरा राहिला तर कोण कापत नाही." मागे हेल्पर मावशी बाटल्या आणि पुठ्ठा वेगळा काढून गाडीला लटकवलेल्या पोत्यात भरत होत्या. ते भंगार त्यांचं, तेवढीच वरकमाई. पगाराची पावती त्यांना कधी मिळालेली नाही. आपण नेमकं कुणाच्या कामावर आहोत, कंपनीच्या की तिने नेमलेल्या पोटठेकेदाराच्या, हेही त्यांना सांगता येईना. मुंबईत असेच २,७०० कंत्राटी सफाई कामगार पालिकेत कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २०१७ साली जिंकले, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेवढं जगायला पायजे की."

मग मी विचारलं, कंपनीला पैसे कशाचे मिळतात? "वजनाचे. काट्यावर टनाला." तेव्हा माझ्या फरशांचा उलगडा झाला. पोरगा दिलदार नव्हता असं नाही, पण त्या पाच-सहा गोणी कंपनीला गल्लीतल्या अर्ध्या ओल्या कचऱ्याइतक्या पडल्या असतील. खरं तर राडारोडा घरच्या कचऱ्यात घ्यायचाच नसतो, त्याला वेगळे नियम आहेत. आणि सुका कचरा का राहतो तेही कळलं : हलका असतो, जागा खातो. ही वजनाची पद्धत काही आमच्या शहराने काढलेली नाही. चेन्नईने २००० साली ओनिक्स या परदेशी कंपनीला काम दिलं, तेव्हाही पैसे टनावरच होते. मी घरी खताचा ड्रम ठेवला तर पालिकेचे पैसे वाचतील आणि कंपनीचे बुडतील. ड्रम मी गेल्या रविवारी आणला, १,१५० रुपये, घासाघीस करून.

बहीण पुण्यात असते. तिच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली ही संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार. तिथे घरं दरमहा पैसे थेट ताईंच्या हातात देतात आणि सुका कचरा विकून येणारे पैसेही त्यांचेच. म्हणून बहिणीने दुधाची पिशवी चुकून ओल्यात टाकली तर ताई तिला दारातच झापतात. ॲप नाही, स्टिकर नाही. बहिणीकडे मात्र सुट्टे नसतात आणि ती उधारी ठेवते, हे आमच्या घराण्याला शोभत नाही.

आता माझे पैसे. मिळकतकराच्या बिलात उपयोगकर्ता शुल्क, म्हणजे कचरा उचलण्याचे पैसे, वर्षाला ७२० रुपये. न भरावं असं फार वाटलं, पण थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणून शेवटच्या तारखेला भरून टाकलं. पाच ताऱ्यांपैकी गाडीला तीन, मावशींना पाच, ॲपला शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक.

माझं घर त्या कागदावरून काढ, असं मी पोराला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही गेलात की माझी टक्केवारी जाते. त्यापेक्षा मी तुमच्या दारात रोज थांबतो, बघा." कालपर्यंत थांबला. आज हे टाइप करताना मेसेज आला, ७:४२, धन्यवाद. बादली पायरीवरच आहे आणि रेकॉर्ड अजून मागच्या गल्लीत वाजतेय.