सोनेरी म्हणून चंदेरी अरोवाना गळ्यात मारला

आम्ही कळव्याला राहतो. बाबांना माशांचं वेड जुनं आहे, म्हणून त्यांच्या निवृत्तीला अरोवाना द्यायचा हे मी कधीच ठरवून ठेवलं होतं. ऐरोलीतला एक विक्रेता व्हॉट्सअॅपवर भेटला. 'गोल्डन एशियन (म्हणजे सोनेरी आशियाई अरोवाना), चिपवाला, सर्टिफिकेटसकट.' चिप म्हणजे माशाच्या अंगात बसवलेली, ओळख क्रमांक असलेली बारीक चकती. ४० हजारांवरून सौदा ३२ हजारांवर आला.

त्याच्या घरी टाकीवर गुलाबी ट्यूब होती. त्या उजेडात सहा इंचांचं पिल्लू खरंच सोन्यासारखं चमकत होतं. पांढरा दिवा लावा म्हटलं, तर "मासा बुजतो, दादा." तिथूनच मी उठायला हवं होतं. सर्टिफिकेटची झेरॉक्स हातात दिली, चिप वाचायचं स्कॅनर मित्राकडे गेलं होतं म्हणे. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं आलं, तेही मी सोडून दिलं.

बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून आठवडाभर बोलले नाहीत. मग एका रात्री त्यांनी मला टाकीजवळ बसवलं आणि काचेवर बोट फिरवून दाखवलं. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर पार शेपटीपर्यंत गेलेला, शेपटी अगदी चिमुकली. हा अॅमेझॉनकडचा सिल्व्हर. एशियनचा पाठीवरचा पर आखूड असतो, शेपटी पंख्यासारखी मोठी. ठाण्यातल्या दुकानात तेवढंच सिल्व्हरचं पिल्लू दोन हजारांना होतं.

एशियन अरोवाना साइट्सच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत येतो. कायदेशीर व्यापारातल्या माशाला चिप असते आणि तिचा नंबर सर्टिफिकेटशी जुळावा लागतो. वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तो पाळायचा तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही लागते. म्हणजे मासा खरा निघाला असता, तरी त्या झेरॉक्सवर मी अडकलोच असतो. तेव्हा चिप तुमच्यासमोर स्कॅन करून नंबर जुळवून दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि मासा पांढऱ्या उजेडातच बघा.

विक्रेत्याचा नंबर बंद आहे. व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडून पोलिसांत तक्रार दिली आहे.

सिल्व्हर तीन फुटांपर्यंत वाढतो, आमची टाकी चार फुटी. मोठा झाला की वळताना त्याचं अंग वाकेल. एकाने सुचवलं, ठाण्याच्या मासुंदा तलावात सोडून द्या. बाबा त्याच्यावर चिडलेच, परका शिकारी मासा तळ्यात सोडला तर तिथल्या माशांचं काय होईल? मोठं तळं किंवा आठ फुटी टाकी असलेलं कुणी मिळेपर्यंत तो आमच्याकडेच राहील. उडी मारतो म्हणून झाकणावर बाबांनी दोन विटा ठेवल्यात.