दहा बाय दहा पुरली! उद्यमबागेतल्या स्टोरेजचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या बाजूला असलेल्या या स्टोरेजमध्ये, म्हणजे घरचं सामान ठेवायला भाड्याने खोल्या मिळतात तिथे, आमचं शहापूरचं अख्खं घर गेल्या उन्हाळ्यापासून ठेवलं आहे. पाचपैकी चार गुण देते. पण हे लिहायला बसले ते गुण देण्यासाठी नव्हे, खोलीच्या मापासाठी. चौकशीला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो, "आमच्या सामानाला केवढी खोली लागेल?" आणि फोनवर त्याचं जे उत्तर मिळतं ते बेळगावातल्या जुन्या घरांना लागू पडत नाही.

आमचं घर मातीच्या भिंतींचं, वर मंगलोरी कौलं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसाकडे न्हाणी आणि वर माळा. ते उतरवून त्याच जागी नवं बांधायचं ठरलं. बांधकाम होईपर्यंत अनगोळात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या दोन खोल्यांत माणसं मावली, माझं एक शिवणयंत्र मावलं, सामान मावणं शक्यच नव्हतं.

फोन केला तर तिथल्या मुलाने विचारलं, "किती खोल्यांचं घर हाय, काकू?" मी म्हटलं, माळा धरून चार. तो लगेच म्हणाला, "मग तुम्हाला दहा बाय पंधरा फुटांचीच लागतंय बघा." मुलगा प्रामाणिक होता, त्याच्यासमोर तक्ताच तसा लावलेला आहे: एका खोलीचं सामान पाच बाय पाचात, वन बीएचके पाच बाय दहात, टू बीएचके दहा बाय दहात, त्याहून मोठं घर दहा बाय पंधरात. हा तक्ता फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून केलेला. फ्लॅटमध्ये सोफा असतो, डायनिंग टेबल असतं, मोठा डबल बेड असतो. या वस्तू जमीन अडवतात आणि त्यांच्यावर फारसं काही रचता येत नाही. आमच्या सोप्यावर सोफा कधी नव्हताच, एक झोपाळा आणि एक दिवाण. उलट माळ्यावर पितळेची भांडी, ट्रंका, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा. म्हणजे जागा कमी खाणारं, पण वजनाला भारी सामान. खोल्या मोजून त्याचा अंदाज कसा येणार?

मी शिवणकाम करते. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही ही इतक्या वर्षांची शिस्त. टेप घेतली आणि घरभर फिरले. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत वहीत लिहिली आणि तिघांचा गुणाकार केला, की घनफूट निघतात. लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडं जास्त खोल, म्हणजे साधारण ३१ घनफूट. अशी दोन. सागवानी कपाट ३६. फ्रिज २०. देव्हारा २४ (देव आमच्याबरोबर अनगोळात, देव्हारा इथे). बंब १६. झोपाळ्याच्या कड्या काढल्या की उरते नुसती फळी, तिचे पाचसुद्धा होत नाहीत. दिवाण खोलून पाट्या आडव्या ठेवल्या तर १५.

खोक्यांचं गणित याहून सोपं. १८ इंच लांब, १८ इंच रुंद, १६ इंच उंच अशा खोक्यात बरोबर ३ घनफूट माल बसतो. सगळी खोकी एकाच मापाची घेतली तर नुसती मोजायची आणि तिनाने गुणायचं. आमची चाळीस झाली, म्हणजे १२० घनफूट. किराणा दुकानातून गोळा केलेली लहानमोठी खोकी फुकट मिळतात खरी, पण ती एकावर एक नीट बसत नाहीत, मधल्या फटीतच पुष्कळ जागा जाते. पितळेसाठी मात्र छोटी खोकी घ्या. मोठं खोकं पितळेने भरलं तर दोन माणसांना उचलत नाही आणि तळ फाटतो.

ट्रंका आणि बाकीचं बारीकसारीक धरून सगळ्याची बेरीज साडेतीनशे घनफुटांच्या आसपास आली. आता हे खोलीत कसं मोजायचं? खोलीची उंची ८ फूट, पण तुम्ही-आम्ही शिडीशिवाय सहा फुटांपर्यंतच रचतो, म्हणून उंची सहाच धरायची. आणि सामान कधी चिकटून बसत नाही, शिवाय मधे चालायला वाट हवी, म्हणून बेरजेची दीडपट करायची. ३५० ची दीडपट ५२५, त्याला सहाने भागलं की साडेसत्त्याऐंशी चौरस फूट. दहा बाय दहा म्हणजे १०० चौरस फूट. बसलं! भाडं चौरस फुटावर आहे, वर १८ टक्के जीएसटी. दहा बाय पंधराची, म्हणजे दीडशे चौरस फुटांची खोली घेतली असती तर दर महिन्याला दीडपट भाडं गेलं असतं, आणि घर बांधायला काढलेल्या माणसाला त्या पैशाची किंमत वेगळी सांगायला नको.

ज्यांना एवढं मोजायचं नाही त्यांनी टेम्पोवरून अंदाज घ्यावा. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. नीट रचून दोरखंडाने बांधलेली एक खेप दीडशे-पावणेदोनशे घनफुटांची होते. एका खेपेला पाच बाय दहाची खोली पुरते, दोन भरगच्च खेपा असतील तर दहा बाय दहा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या भागात खोलीचं माप सामान ठरवतं तेवढंच पाऊसही ठरवतो. मृग लागला की चोर्ला आणि आंबोलीच्या बाजूने येणारा ढग गणपतीपर्यंत हलत नाही. मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो. अशा हवेत कोंबून भरलेली खोली म्हणजे सामानाचा नाश. म्हणून दीडपटीचा हिशोब कोणी कमी करू नये. भिंतीपासून वीतभर अंतर सुटलं पाहिजे, कारण ओल भिंतीतून लाकडात जाते आणि ओलीच्या मागून वाळवी. खाली लाकडी किंवा प्लास्टिकची पॅलेट, म्हणजे सामान जमिनीपासून उचलून धरणाऱ्या फळ्यांच्या चौकटी, घालावीत. इथे ती भाड्याने मिळतात, पण आधी सांगून ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर सगळेच मागतात. लाकडी सामान प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नये. आतली ओल आतच अडकते आणि पॉलिशवर पांढरे डाग उठतात. जुन्या सुती चादरी आणि धोतरं यासाठी उत्तम. फ्रिज आतून कोरडा पुसून त्याचं दार चार बोटं उघडं ठेवून बांधलं. कॅल्शियम क्लोराईडचे ओल शोषणारे डबे मिळतात ते चारी कोपऱ्यांत ठेवले. पावसात त्यांत पाणी जमतं, ते ओतून डबे बदलावे लागतात. म्हणजे कोपऱ्यापर्यंत माणूस पोचला पाहिजे. म्हणजे वाट हवी.

ही वाट कुठे सोडायची याचाही विचार लागतो. शटर चार फुटांचं आहे. त्याच्या सरळ रेषेत अडीच फुटांची वाट मागच्या भिंतीपर्यंत ठेवली, उजवीकडे कपाटं आणि उभं सामान, डावीकडे खोकी. घर पूर्ण होईपर्यंत ज्याचं तोंड बघायचं नाही ते सगळ्यात मागे: पाटा, बंब, दिवाणाच्या पाट्या. मध्येच लागणार ते पुढे. आमच्याकडे पुढे दोन गोष्टी. एक, गणपतीचं मखर आणि समया. भाड्याच्या घरात असलो तरी गणपती चुकवायचा नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी खोकी उपसत बसायला कोणाला वेळ असतो? दुसरी, सासूबाईंच्या साड्यांची ट्रंक.

त्या ट्रंकेविषयी थोडं जास्त लिहिते, कारण शहापूर-वडगावात घरोघरी अशी ट्रंक आहे. आमच्या गल्लीत हातमागांचा आवाज ऐकत मी संसार केला, त्या साड्यांचा जीव मला माहीत आहे. रेशमी साडी एकाच घडीवर महिनोन्महिने राहिली की घडीच्या रेषेवर रेशीम चिरतं आणि जरीची तार तुटते. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालावी लागते. मलमलच्या कापडात गुंडाळावी, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. सासूबाई स्वतः माझ्याबरोबर तिथे येतात, शटर वर करून उजेडात स्टुलावर बसतात आणि आम्ही दोघी एकेक साडी उलगडून पुन्हा घडी घालतो. कोणती कुठल्या लग्नात घेतली ते त्या सांगतात. त्या मुलाने एकदा न सांगता टेबलफॅन आणि धुतलेली सतरंजी आणून दिली. हा माझ्यासाठी चार गुणांतला एक पूर्ण गुण आहे.

कागदपत्रांचं सांगायचं तर करार इंग्रजीत आहे. पण मागितल्यावर त्याने एकेक कलम मराठीत समजावून सांगितलं, आमच्यानंतरच्या गिऱ्हाईकाला तेच कन्नडमध्ये. कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडेच. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रंगाचे डबे, धान्य ठेवू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. धान्याने उंदीर येतात आणि ते शेजारच्यांच्या खोलीतही जातात. सिलिंडरचं आणि कनेक्शनच्या कागदांचं काय करायचं ते गॅस एजन्सीत आधी विचारून घ्या. सामानाची जबाबदारी करारात मर्यादित असते, तेव्हा विमा कितीचा आहे ते वाचा आणि रचण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा.

एक गुण कापला तो मागच्या रांगेसाठी. मोठ्या पावसात त्या बाजूच्या उंबऱ्याशी पाणी साचताना मी स्वतः पाहिलं. आमची खोली मधल्या रांगेत, आम्हाला त्रास झाला नाही, तक्रारीनंतर तिथे सिमेंटचा उंचवटाही घातला. तरी खोली घेताना मागची रांग नको म्हणून सांगा. संध्याकाळी सातनंतर प्रवेश नाही, हे नोकरदारांना अडचणीचं आहे. वरच्या मजल्यावर भाडं कमी पडतं, पण साडेसहा फुटांचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडतं. खोकीच खोकी असतील तरच वरचा मजला घ्या.

माझी एक मैत्रीण टिळकवाडीतला वन बीएचके रिकामा करून मुलीकडे पुण्याला गेली. तिला पाच बाय दहा अगदी पुरली, तिच्यासाठी तक्ता बरोबर होता. हॉस्टेलची पोरं सुट्टीला जाताना दोन-तीन जणांत मिळून पाच बाय पाच घेतात.

शहापुरातच एखादा गाळा घ्यावा असंही आम्ही पाहिलं होतं. पण गाळ्याला भरभक्कम डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार. बांधकाम कधी संपेल हे गवंडीही सांगू शकत नाही, तिथे असा करार अडचणीचा. इथे महिन्याच्या हिशोबाने राहता येतं, फक्त खोली सोडताना पंधरा दिवस आधी लेखी कळवावं लागतं. आमच्या नव्या घराला सध्या गिलावा चालू आहे. गिलावा आणि फरशीची ओल पुरती सुकल्याशिवाय सागवानी कपाट तिकडे न्यायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा खोली अजून काही महिने आमच्याकडेच राहील.