मणके जुळवून घ्यावेत की बसणं-उठणं नव्याने शिकावं?

मान सारखी अवघडते, कंबर धरते, एक्स-रेमध्ये काही सापडत नाही आणि डॉक्टर 'पोश्चर सुधारा' एवढंच सांगून मोकळे होतात. पुढे काय करायचं, या प्रश्नावर साधारण दोन वाटा समोर येतात. एका वाटेवर टेबल असतं. आपण आडवं व्हायचं आणि थेरपिस्टने हलक्या हाताने मान, बरगड्या, खुबे, माकडहाड यांचा ताण सोडवायचा. दुसऱ्या वाटेवर साधी खुर्ची असते. बसायचं, उठायचं आणि ते करताना आपण अंगाला काय करतो ते शिकायचं. मी आधी सात महिने टेबलावर गेलो, नंतर खुर्चीच्या वाटेचे, म्हणजे अलेक्झांडर टेक्निक नावाच्या पद्धतीचे धडे घेतले. माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच, पण टेबलाबद्दल माझ्या मनात अढी नाही.

टेबल म्हणजे इथे कडकड आवाज काढून मान मोडणारी पद्धत नव्हे. मानेला झटका देण्याच्या त्या प्रकाराने क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून मी त्या वाटेला गेलोच नाही. मी घेतली ती अगदी हळुवार ॲलाइनमेंट, म्हणजे मणके जुळवण्याची पद्धत. थेरपिस्ट माझ्या डोक्याशी बसायचा आणि कवटीच्या तळाशी दोन्ही हातांची बोटं टेकवून काही मिनिटं तसाच राहायचा. दाबायचा नाही, ओढायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माझा जबडा आपसूक सुटायचा, आणि इतका वेळ तो आवळलेला होता हे मला तेव्हा कुठे कळायचं. त्या रात्री झोप गाढ लागायची. दुसऱ्या दिवशी खांदे कानांपासून लांब गेल्यासारखे वाटायचे. हा अनुभव खरा आहे आणि त्याला कमी लेखणं अन्यायाचं होईल.

पण साधारण तिसऱ्या दिवशी मान पुन्हा होती तिथेच. मी दिवसभर स्क्रीनवर मजकूर तपासतो. टेबलावरून उठून त्याच खुर्चीत त्याच ढबीने बसलो, तर दुसरं काय होणार? माझ्या समजुतीप्रमाणे हलक्या हाताने मणके इकडचे तिकडे सरकत नाहीत. अस्थिबंध आणि चकत्या त्यांना फार भक्कम धरून ठेवतात. सैल होतात ते स्नायू, शांत होते ती मज्जासंस्था. तेवढंही पुष्कळ आहे, फक्त ते टिकवायचं काम टेबल करत नाही.

तरीही मी आणखी वर्षभर जात राहिलो असतो. मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. प्रत्येक सेशनच्या शेवटी सूचना मिळायच्या. आज वजन उचलू नका, झटकन वळू नका, वाकायचं तर गुडघ्यातून, एका कुशीवर झोपा, नाहीतर बसवलेलं पुन्हा बिघडेल. यातलं एकेक वाक्य ऐकायला शहाणपणाचं होतं. सगळी मिळून माझ्या अंगात मात्र भीती मुरत गेली. गाडी मागे घेताना मी मान वळवणं सोडलं, कमरेपासून अख्खा वळायला लागलो. खाली पडलेलं पेन उचलायला दुसऱ्याला सांगायला लागलो. एका संध्याकाळी सेशन संपवून घरी आलो, तर चार वर्षांची भाची दारातच हात वर करून उभी. उचलून घे, म्हणून. मी एक पाऊल मागे सरलो. ती हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. पाठीसाठी एवढं करतोय आणि पाठ वापरायचीच नाही, हे मला त्या दिवशी असह्य झालं. पुढची वेळ मी रद्द केली.

सगळेच थेरपिस्ट अशी धास्ती घालत नसतील. मला भेटले ते असे होते, एवढंच म्हणता येईल.

खुर्चीची वाट सुरुवातीला फार कंटाळवाणी वाटते, हे आधीच सांगून ठेवतो. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा टास्मानियात 1869 साली जन्मलेला नट. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसायचा. आरशांसमोर उभं राहून त्याने स्वतःला न्याहाळलं, तेव्हा बोलायला सुरुवात करतानाच आपण डोकं मागे खेचून खाली दाबतो, हे त्याला दिसलं. सगळं तंत्र या निरीक्षणातून उभं राहिलं. माझ्या पहिल्या धड्यात शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या मानेमागे हलका हात ठेवला आणि 'उठा' म्हणाल्या. मी उठायच्या आधीच त्या हाताखाली माझी मान आखडली, हनुवटी पुढे गेली, श्वास अडला. खुर्ची अजून सोडलीही नव्हती! साडेचार-पाच किलोंचं डोकं मी दिवसातून शेकडो वेळा असं मागे खेचत होतो आणि दोष मणक्यांना देत होतो.

पुढचे सात-आठ धडे आम्ही तेवढंच केलं. उठायचं मनात आलं की क्षणभर थांबायचं, मान मोकळी राहू द्यायची आणि मग उठायचं. ताठ बसायला कुणी सांगितलं नाही. छाती काढून बसणं हाही आखडण्याचाच प्रकार, हे हळूहळू उमगलं. नवव्या धड्याला बाईंनी पुस्तकांनी भरलेलं खोकं पुढे सरकवलं आणि उचला म्हणाल्या. मी घाबरलो, त्या शांत होत्या. उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. काही बिघडलं नाही. त्या आठवड्यात भाचीलाही उचललं.

माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, पण तो अगदी एकटाही नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2008 साली 579 कंबरदुखीच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांची कंबर वर्षाअखेरीस चार आठवड्यांपैकी 21 दिवस दुखत होती. अलेक्झांडर टेक्निकचे 24 धडे घेतलेल्यांची 3 दिवस. मसाज घेतलेल्यांचंही दुखणं थोडं कमी राहिलं, पण हालचालीत तीन महिन्यांनी दिसलेली सुधारणा वर्षाअखेरीस ओसरली होती. मसाज आणि ॲलाइनमेंट एक नव्हेत, त्यामुळे ही तुलना जपूनच करावी. तुम्हाला उपयोगी पडेल अशी आणखी एक गोष्ट त्यात आहे. सहा धडे आणि जोडीला डॉक्टरांनी लिहून दिलेला चालण्याचा व्यायाम, एवढ्यावर 24 धड्यांच्या जवळपास तीन चतुर्थांश फायदा मिळाला. धडे महाग पडतात, वेळ खातात, शिक्षक सहज मिळत नाहीत. तेव्हा सहांपासून सुरुवात करायला हरकत नाही.



राहिला एकूण तब्येतीचा प्रश्न. पोक काढून बसा आणि खोल श्वास घेऊन बघा. मग सैलसर उंच होऊन पुन्हा घ्या. बरगड्यांना मिळणारी जागा लगेच जाणवते. माझी मानेतून वर चढणारी डोकेदुखी कमी झाली, संध्याकाळचा थकवाही उतरला. झोपेचं श्रेय मात्र टेबलालाच, तेवढी गाढ झोप धड्यांनी कधी दिली नाही. मणके जुळवले की रक्तदाब, पचन, प्रतिकारशक्ती सगळं सुधारतं असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर मी तरी त्यावर विसंबणार नाही.

दुखणं ऐन भरात असेल, रात्र-रात्र झोप नसेल, तर आधी टेबलावर जा. त्या अवस्थेत शिकायला लक्षच लागत नाही. पायातली शक्ती कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काही असेल तर दोन्ही वाटा सोडून तडक रुग्णालय गाठा. बाकी वेळी मी खुर्ची निवडेन. वर्षातून एक-दोनदा टेबलावर अजूनही जातो, पण नव्या थेरपिस्टकडे. पहिल्या भेटीतच त्यांना विचारलं होतं, 'इथून गेल्यावर काय करायचं नाही?' त्या म्हणाल्या, 'काहीच नाही, पाणी प्या आणि फिरून या.' तुम्हीही हे आधी विचारून बघा. यादी लांबायला लागली, तर वेळ ठरवायची घाई करू नका.