वसतिगृहातील मेस की खात्यातील रक्कम?

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नंदुरबारला शिकायला येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी मेस बरी की भोजनाचे पैसे, हा वाद 2018 मध्ये शासनाने ही रक्कम थेट खात्यात देण्याचे ठरवले तेव्हा पेटला आणि त्या निर्णयाच्या विरोधात जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. मेसमध्ये ठेकेदाराची पातळ डाळ आणि ठरलेली वेळ सोसावी लागते, हे नाकारता येत नाही. पैसे हाती असले की कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरीही मागवता येते. परंतु हप्ता लांबला की खानावळीची उधारी चढते, आणि आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असताना धाकट्या भावंडांसाठी त्यातलेच काही घरी धाडले जाते. पातळ का होईना, डाळ रोज ताटात पडते, म्हणून माझा कौल मेसकडे आहे. धुळ्यात काम सांभाळून शिकणाऱ्याला मात्र रोख रक्कमच सोयीची पडेल.